करिअर समुपदेशनाचं ‘डिजिटल टूल’ विकत घेताना झालेली फसवणूक

करिअर समुपदेशनाचं प्रशिक्षण घेणाऱ्यांना गाठून डिजिटल टूल आणि ते वापरण्याचं प्रशिक्षण विकणाऱ्या एका टोळीने मला फसवलं. पैसे गेले ते गेलेच. पण माझ्याकडे विश्वासाने आलेल्या मुलांची माहितीही त्यांच्या हाती गेली, आणि ती आता परत घेता येणार नाही. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. जे आत्ता शिकत आहेत त्यांनी शेवटपर्यंत वाचावं ही कळकळीची विनंती.

आमच्या अभ्यासक्रमात पाया चांगला घालून घेतात. फ्रँक पार्सन्स यांची १९०९ साली प्रसिद्ध झालेली मांडणी, म्हणजे आधी स्वतःची ओळख, मग कामांच्या जगाची ओळख आणि मग दोन्हींचा मेळ. त्यानंतर जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडायला सुरुवात केलेला आवडींच्या प्रकारांचा सिद्धांत. मुलाखत कशी घ्यायची, ऐकायचं कसं, आपलं मत मध्ये न आणता प्रश्न कसा विचारायचा, हे सगळं घोटून घेतात. पण ऑनलाइन चाचणी कशी द्यायची, रिपोर्ट कसा वाचायचा, नोंदी कुठे आणि कशा ठेवायच्या, व्हिडिओ कॉलवर सत्र कसं घ्यायचं, हे ज्याचं त्याने शिकायचं असं गृहीत धरलेलं असतं. दुसऱ्या व्यवसायातून इकडे आलेल्या माझ्यासारख्या माणसांची गाडी नेमकी इथेच अडते. फसवणाऱ्यांना हे पुरेपूर ठाऊक आहे.

प्रशिक्षणार्थींच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मोफत वेबिनारची लिंक आली. बोलणारा माणूस अदबशीर होता, विषयाचे शब्द त्याच्या तोंडी सहज येत होते. त्याने स्क्रीन शेअर करून डॅशबोर्ड दाखवला. एका विद्यार्थ्याचं नाव टाकलं, बटण दाबलं, रंगीत आलेख वर चढले आणि जाडजूड रिपोर्टची पीडीएफ तयार. ‘हॉलंड कोडवर आधारित’, ‘एआयने केलेलं विश्लेषण’, ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ हे शब्द पुन्हा पुन्हा येत राहिले. पैसे भरायच्या पानावर एक घड्याळ उलटं धावत होतं: एवढ्या मिनिटांत नाव नोंदवलं तर संस्थापक-सदस्य, नंतर नाही. तेच पान पुढे मी दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं तेव्हा घड्याळ पुन्हा पहिल्यापासून धावायला लागलं. मुदत अशी काही नव्हतीच. असं घड्याळ कुठे दिसलं तर एवढी एकच गोष्ट करून बघा.

मी परवाना घेतला, सोबत चाचण्यांचे क्रेडिट घेतले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडून फोन आला. “ताई, तुम्ही कशाचीच काळजी करू नका, आता सराव केसेस भरायला घ्या. तेवढ्या पूर्ण झाल्या की सर्टिफिकेट चालू होईल.” सराव केस म्हणजे खऱ्या विद्यार्थ्याची चाचणी. ओळखीतल्या, नात्यातल्या, जुन्या विद्यार्थ्यांपैकी कुणाचीही चालेल, पण खरी हवी, काल्पनिक नाव टाकलं तर सिस्टीम नाकारते, असं त्यांनी बजावून सांगितलं.

त्या फॉर्मकडे नीट बघा, कारण सगळी फसवणूक तिथे उघडी पडते. मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, इयत्ता, विषयवार गुण, पालकांचा मोबाइल नंबर, पालकांचा व्यवसाय, कुटुंबाच्या उत्पन्नाचा गट. प्रत्येक रकान्यापुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चाचणी होती आवडींची. कुठलं काम करायला आवडेल, कुठलं नाही, एवढंच विचारणारी. त्यासाठी बापाचं उत्पन्न कशाला लागतं? आईचा नंबर कशाला लागतो? आवडीचा गुणांक काढताना या रकान्यांचा काडीचाही उपयोग नाही. त्यांचा उपयोग एकाच कामासाठी: कुणाला फोन करायचा आणि किती मोठी रक्कम सांगायची, हे ठरवण्यासाठी.

चाचणीतली वाक्यं वाचताना मला ओळखीची वाटत होती. अमेरिकेच्या श्रम खात्याचा ओनेट नावाचा व्यवसायांच्या माहितीचा मोठा साठा आहे. त्याच्याबरोबर आवडींची एक चाचणी इंटरनेटवर मोफत मिळते. साठ विधानं, प्रत्येकाला पाच पर्याय, आणि निकाल हॉलंड यांच्या सहा प्रकारांत: वास्तववादी, शोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमशील आणि पारंपरिक. स्वयंपाकघरातली कपाटं बनवणं, विटा किंवा फरशी बसवणं, नवं औषध शोधणं अशी त्यातली विधानं. मी दोन्ही चाचण्या शेजारी शेजारी उघडल्या. विधानं तीच, क्रमही तोच. जे कुणालाही फुकट मिळतं, तेच भाषांतर करून, वर स्वतःचं नाव लावून आम्हाला विकलं होतं.

निदान गुण तरी बरोबर मोजत असतील, असं मला वाटत होतं. मग रिपोर्ट वाचायला बसले. एक मुलगी प्राण्यांमध्ये रमणारी, प्रत्येक विधानावर थांबून विचार करणारी. एक मुलगा घाईघाईत क्लिक करत सुटलेला. दोघांच्या रिपोर्टमध्ये एक परिच्छेद शब्दशः सारखा होता: तुमच्यात बरीच क्षमता आहे, पण तिचा तुम्ही अजून पुरेसा उपयोग केलेला नाही. मुलीच्या रिपोर्टच्या मधल्या एका पानावर तर भलत्याच मुलाचं नाव राहून गेलं होतं.

हे वाक्य मानसशास्त्र शिकलेल्या कुणालाही खटकायला हवं. बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञांनी आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्वाची चाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाला ‘तुझं वर्णन’ म्हणून एक कागद दिला. सगळ्यांच्या कागदावर मजकूर एकच होता, बराचसा बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला. वर्णन किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. हा प्रयोग १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. न वापरलेल्या क्षमतेचं वाक्य त्या कागदावर होतं, आणि जवळपास त्याच रूपात ते माझ्या विद्यार्थिनीच्या रिपोर्टमध्येही होतं. पालक असा रिपोर्ट वाचून “अगदी बरोबर ओळखलंय हो” म्हणतात आणि आपल्याला वाटतं टूल चांगलं आहे. पालकांना पटलं यावरून चाचणीबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

त्यानंतर मी एक तपासणी केली. ती कुणालाही करता येते, आणि कुठलंही टूल घेण्याआधी करावी असं माझं ठाम मत आहे. चाचणी स्वतः भरायची आणि प्रत्येक विधानाला मधला पर्याय द्यायचा, ‘सांगता येत नाही’. हॉलंड यांच्या मांडणीत सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या प्रकारात किती अंतर आहे, याला महत्त्व आहे. सगळीकडे सारखंच उत्तर दिलं तर आलेख सपाट यायला हवा, आणि प्रामाणिक रिपोर्टने सांगायला हवं की आवड स्पष्ट दिसत नाही, मुलाशी बोला, त्याला कामांची ओळख करून द्या. माझ्या रिपोर्टमध्ये उद्यमशील प्रकार नव्वदच्या वर आणि खाली ‘तुमचा जन्म नेतृत्वासाठी झाला आहे’. तीच उत्तरं देऊन पुन्हा भरली, तेव्हा शोधक प्रकार पहिला आला. आत गुण मोजणारं काहीच नव्हतं. आकडे वाटेल तसे पडत होते.

एखाद्या मुलाने हा आकडा खरा मानून शाखा निवडली असती तर? हा विचार आला की अजूनही पोटात गोळा येतो.

आणि मग पालकांचे फोन सुरू झाले. एका आईचा आवाज माझ्या कानात अजून आहे. “मॅडम, तुम्ही आमचा नंबर कुणाला दिलात का? त्या माणसाला माझ्या मुलीचे गणिताचे मार्क कसे माहीत?” फोन करणाऱ्याने तिला मुलीचे गुण सांगितले, आवडीचा प्रकार सांगितला, माझं नाव सांगितलं, आणि एका कॉलेजात जागा राखून ठेवायला लगेच पैसे भरा म्हणून मागे लागला. माझं नाव घेतल्यामुळे तिने जवळजवळ विश्वास ठेवला होता. तेव्हा सगळं चित्र स्पष्ट झालं. परवान्याची फी ही त्यांची वरकमाई होती. ज्या घरात निर्णयाची वेळ आली आहे, त्या घराचा नंबर, गुण, उत्पन्न आणि वर समुपदेशकाच्या नावाची ओळख, हा त्यांचा खरा माल. आणि तो गोळा करायला त्यांनी आम्हा शिकणाऱ्यांकडून फी घेऊन आम्हालाच राबवलं.

पैसे परत मागितले तेव्हा उत्तर आलं की आधी दुसऱ्या पातळीचं शुल्क भरा, मग एकत्र परतावा मिळेल. ते मी भरलं नाही. पाठोपाठ एका तिसऱ्याच माणसाचा मेसेज आला: तुमच्यासारख्या अनेकांचे पैसे आम्ही मिळवून दिले, थोडं प्रक्रिया शुल्क लागेल. फसलेल्यांना पुन्हा लुटण्याचा हा जुना प्रकार आहे. गेलेले पैसे सोडवून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्या कुणाशीही बोलू नका. काही दिवसांत माझं लॉगिन बंद झालं आणि मदत क्रमांक उचलेनासे झाले.

माझ्या पर्यवेक्षक मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “यांच्याकडे चाचणीचं मॅन्युअल मागितलं होतंस का?” मी मागितलं होतं. त्यांनी एक चकचकीत माहितीपत्रक पाठवलं होतं. मॅडम म्हणाल्या, ते मॅन्युअल नव्हे. चाचणी कुणी तयार केली, कुठल्या वयाच्या आणि कुठल्या भाषेच्या किती मुलांवर तिचे मानदंड ठरवले, पुन्हा दिली तर निकाल कितपत सारखा येतो, ती मोजते म्हणते तेच मोजते याचा पुरावा काय, हे ज्यात लिहिलेलं असतं ते मॅन्युअल. एका भाषेतली चाचणी दुसऱ्या भाषेत आणली तर हे काम नव्याने करावं लागतं, नुसतं भाषांतर पुरत नाही. हे देता येत नसेल तर त्या टूलला मुलांसमोर जागा नाही.

बाकीच्या खुणा मी मागाहून तपासल्या, पण खरं तर त्या आधी तपासायच्या. ‘अनेक वर्षांचा अनुभव’ सांगणाऱ्या त्या संकेतस्थळाचं नाव नोंदवून काही महिनेच झाले होते. आयकॅन या संस्थेच्या मोफत शोधसुविधेत नोंदणीची तारीख कुणालाही दिसते. ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह होतं, पण ते एवढंच सांगतं की तुम्ही आणि ते संकेतस्थळ यांच्यामधलं बोलणं वाटेत कुणी वाचू शकत नाही. समोरचा प्रामाणिक आहे असं ते सांगत नाही. ‘आमच्या ज्येष्ठ समुपदेशक’ म्हणून दिलेला फोटो चित्राने शोध घेतल्यावर विकत मिळणाऱ्या फोटोंच्या साठ्यात सापडला. सर्टिफिकेटवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की त्यांचंच पान उघडत होतं. आपणच आपल्याला दिलेली साक्ष, तिला काय अर्थ?

डिजिटल साधनं शिकायलाच हवीत, त्याला पर्याय नाही, आणि मी ती आता शिकतेच आहे. फक्त सराव स्वतःच्या उत्तरांवर किंवा काल्पनिक विद्यार्थ्यावर करते. जे टूल काल्पनिक नाव चालत नाही म्हणतं, तिथेच थांबते. नोंदींच्या स्प्रेडशीटमध्ये मुलाचं नाव नसतं, सांकेतिक क्रमांक असतो. कुठला क्रमांक कुणाचा, ती यादी वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या पासवर्डखाली. फॉर्ममधला प्रत्येक रकाना ठेवताना स्वतःला विचारते, ही माहिती नसेल तर माझं सत्र अडेल का? बहुतेक रकाने या एका प्रश्नावर गळून पडतात. पालकांची आणि मुलाची संमती घेताना माहिती कुणाच्या सर्व्हरवर जाणार आहे हेही सांगते.

तुम्ही अशाच एखाद्या ठिकाणी आधीच मुलांची माहिती भरली असेल, तर पहिला फोन पालकांना करा, कितीही अवघड वाटलं तरी. माझं नाव घेऊन कुणी पैसे मागितले तर देऊ नका, ओटीपी सांगू नका, आणि मला कळवा, एवढं स्पष्ट सांगा. मी प्रत्येकाला फोन केला. दोन पालक रागावले, आणि त्यांचा राग रास्त होता. बाकीच्यांनी आलेल्या फोनची वेळ आणि नंबर लिहून दिले, ते तक्रारीला जोडता आले. त्याच दिवशी बँकेला कळवा, कारण उशीर झाला की व्यवहार अडवण्याची शक्यता कमी होते. तुमच्या ईमेल खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन त्या टूलला दिलेली परवानगी काढून टाका. नुसता पासवर्ड बदलून ती जाईलच असं नाही. माहिती पुसून टाकण्याची मागणी लेखी पाठवा. उत्तर आलं नाही तरी मागणी केल्याचा पुरावा राहतो.

आणि लॉगिन चालू आहे तोवर सगळे रिपोर्ट उतरवून घ्या. स्क्रीनशॉट घ्याच, पण पीडीएफच्या मूळ फाइल जशाच्या तशा ठेवा, नाव बदलू नका, पुन्हा सेव्ह करू नका. फाइल कधी आणि कशात तयार झाली, याची नोंद बहुतेकदा तिच्या गुणधर्मांत असते. सायबर पोलिसांकडे तक्रार देताना मी त्या मूळ फाइल, पैसे भरल्याच्या पावत्या आणि पालकांनी दिलेले नंबर एकत्र दिले. त्याच टोळीने फसवलेल्या आणखी काही प्रशिक्षणार्थींच्या तक्रारी आता त्याला जोडल्या आहेत. तपास अजून चालू आहे.