गरागरा फिरणाऱ्या वस्तूंचा मोशन ब्लर: सात महिन्यांच्या वापरानंतर

मोशन ब्लर म्हणजे वेगाने हलणारी वस्तू चित्रात हालचालीच्या दिशेने पुसट दिसणे. हा परिणाम देणाऱ्या, सात महिन्यांपूर्वी घेतलेल्या एका विकतच्या प्लगइनला (जोड-सॉफ्टवेअरला) पहिल्या महिन्यात मी ओळखीच्या सगळ्यांपुढे पैकीच्या पैकी गुण दिले होते. आज ते मत बदलले आहे, आणि त्याला कारण चातीवरची (यंत्राच्या फिरत्या दांड्यावरची) एक पांढरी रेघ आहे.

सोलापुरात मी यंत्रमाग व्यवसायासाठी यंत्रांची माहिती देणाऱ्या छोट्या अ‍ॅनिमेशन फिल्म तयार करतो. टॉवेलच्या एका कारखान्यासाठी कांडी मशीनचे (कांडीवर सूत गुंडाळणाऱ्या यंत्राचे) वीस सेकंदांचे दृश्य करायचे होते. सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे एकूण 500. ब्लेंडर या 3D सॉफ्टवेअरमध्ये सायकल्सवर (त्यातल्या चित्र तयार करणाऱ्या, म्हणजे रेंडर करणाऱ्या इंजिनवर) ब्लर न लावता एका फ्रेमला दीड मिनिट लागत होते. ब्लर सुरू केला की चित्रात दाणे येतात, आणि दाणे निम्मे करायचे तर सॅम्पल (प्रत्येक पिक्सेलसाठी मोजायचे किरण) चौपट करावे लागतात, त्यामुळे तीच फ्रेम सहा मिनिटांवर गेली. 500 फ्रेमचे पन्नास तास झाले. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा 40 च्या पुढे असतो, म्हणून मी दिवसा रेंडर लावतच नाही. रात्री दहा ते सकाळी सहा एवढीच वेळ. एका दृश्यासाठी सहा-सात रात्री आणि त्यांचे वीजबिल मला परवडणारे नव्हते. प्लगइन मात्र साध्या रेंडरवर नंतर ब्लर चढवत होते आणि त्याला प्रत्येक फ्रेममागे काही सेकंदच पुरत होते. दोन रात्रींत काम उरकले, आणि पैकीच्या पैकी गुण त्या आनंदात दिले गेले.

फिल्म पाहून कारखान्याचे मालक म्हणाले, "सर, चाती फिरते तेव्हा चमक जागेवरच राहते. तुमच्याकडे चमकच फासल्यासारखी दिसतेय." दुसऱ्या दिवशी ते मला मशीनपाशी घेऊन गेले. वर ट्यूबलाइट होती. चाती इतक्या वेगाने फिरत होती की तिच्यावरचे ओरखडे पार पुसले गेले होते, पण ट्यूबलाइटची बारीक पांढरी रेघ तिच्यावर अगदी स्थिर उभी होती, जणू चाती फिरतच नाही. कांडीवरचे सूत एकसंध मऊ पट्ट्यासारखे दिसत होते आणि सुटलेल्या धाग्याच्या टोकाचे त्याभोवती एक फिकट कडे तयार झाले होते. मालकांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते.

चकाकी ही वस्तूवर रंगवलेली खूण नसते. ती दिवा, पृष्ठभाग आणि बघणाऱ्याचा डोळा यांच्या जागांवर ठरते. गोल दांडा आपल्या आसाभोवती फिरला तरी त्याचा आकार तोच राहतो, म्हणून चकाकीही तिथेच राहते. प्लगइनला यातले काहीच कळत नाही. त्याच्यापुढे तयार चित्र असते आणि प्रत्येक पिक्सेल कोणत्या दिशेने किती सरकला एवढाच हिशेब असतो, म्हणून सुतासोबत ते चकाकीही ओढते. याउलट 1984 साली रॉबर्ट कुक, थॉमस पोर्टर आणि लॉरेन कार्पेंटर यांनी मांडलेल्या पद्धतीत शटर उघडे असतानाचा एक-एक वेगळा क्षण प्रत्येक किरणाला दिला जातो आणि त्या क्षणीचा प्रकाश नव्याने मोजला जातो. सायकल्स याच वळणाचे आहे. म्हणून तिथे रेघ जागेवर राहते. किंमत फक्त वेळेची आहे.

विक्रेत्याला मी दोन्ही चित्रे पाठवली. उत्तर आले की ब्लरची गुणवत्ता वाढवून पाहा. पुन्हा सविस्तर लिहिले, तर पैसे परत मिळण्याची मुदत संपल्याचे कळवण्यात आले. मुदतीचे मला वाईट वाटले नाही. प्रश्न समजून न घेताच उत्तर दिले गेले, याचे वाईट वाटले.

त्यानंतर मी आणखी खोलात गेलो, तेव्हा मोटरच्या पुलीतही घोळ सापडला. मोटरच्या पाटीवर मिनिटाला 1440 फेरे लिहिलेले आहेत, म्हणजे सेकंदाला 24 आणि एका फ्रेमला 345.6 अंश. दोन फ्रेमची तुलना करणाऱ्या हिशेबाला ही पुली 14.4 अंश मागे गेल्यासारखी दिसते, म्हणून तो चुकीच्या दिशेने तोकडा ब्लर देतो. शिवाय तो ब्लर सरळ रेषेत असतो, त्यामुळे आऱ्यांची टोके कडेबाहेर सांडतात. सायकल्समध्ये माझी स्वतःचीही एक चूक झाली होती. पुली मी आर्मेचरने (वस्तू हलवणाऱ्या हाडांच्या सांगाड्याने) फिरवली होती, आणि तशा हालचालीत दोन टप्प्यांमध्ये प्रत्येक बिंदू सरळ रेषेत जातो. अर्धा फेरा दोनच टप्प्यांत कापला तर कड मधे 29 टक्के आत ओढली जाते, चार टप्प्यांत 7.6 टक्के आणि आठ टप्प्यांत 1.9 टक्के. स्टेप्सचा आकडा एकाने वाढवला की हे टप्पे दुप्पट होतात आणि मेमरीही तशीच खातात.

शेवटी माझ्या लक्षात आले की एकसारख्या वेगाने फिरणाऱ्या गोल वस्तूला फ्रेमगणिक ब्लर मोजण्याची गरजच नाही. कांडीचे टेक्श्चर (पृष्ठभागावर गुंडाळलेले चित्र) मी इमेज एडिटरमध्ये रुंदीला एक पिक्सेल होईपर्यंत आवळले आणि परत मूळ रुंदीला ताणले. त्यामुळे घेराभोवतीच्या रंगांची सरासरी आपोआप निघते. ही सरासरी लिनिअर रंगांत (प्रकाशाच्या खऱ्या प्रमाणातल्या आकड्यांत) काढावी, नाहीतर सूत काळपट दिसते. बंप (खोटा उंचसखलपणा) काढून टाकला, रफनेस (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) थोडा वाढवला आणि कांडी चक्क स्थिर ठेवली. चकाकीची रेघ जागेवर आली.

पुलीला सहा आरे आहेत, म्हणजे दर 60 अंशांना तेच चित्र पुन्हा येते. शटर (एका फ्रेमच्या वेळेचा किती भाग ब्लरमध्ये धरायचा तो आकडा) 0.5 ठेवले तर ब्लर 172.8 अंशांचा होतो, आणि 60 ने भाग न गेल्यामुळे पुसट पट्टे उलटे फिरताना दिसतात. शटर 0.521 केले की ब्लर जवळजवळ नेमका 180 अंशांचा होतो, आणि आऱ्यांच्या जागी एकसारखी पारदर्शक चकती दिसते. ती चकती सर्व फ्रेममध्ये सारखीच असल्याने एकदाच रेंडर करून अल्फासह (पारदर्शकतेच्या माहितीसह) बसवली. पारदर्शकता मात्र सगळीकडे सारखी नसते. आरा एक सेंटिमीटर रुंद असेल तर केंद्रापासून 2 सेंटिमीटरवर चकती 48 टक्के भरीव असते आणि 4 सेंटिमीटरवर 24 टक्केच. आतून गडद आणि कडेकडे विरळ अशी ही उतरण साधली की पुली खरोखर फिरत असल्यासारखी वाटते, आणि तिची सावलीही तशीच विरळ पडते.

मशीन सुरू होतानाच्या पहिल्या दोन सेकंदांना ही युक्ती लागू पडत नाही, कारण तिथे वेग बदलत असतो. त्या 50 फ्रेम मी सायकल्सच्या खऱ्या ब्लरने केल्या, पाच तास लागले. बाकीच्या 450 फ्रेम प्रत्येकी शंभर सेकंदांत झाल्या. तिसऱ्या रात्री दीड तासात सगळे संपले, म्हणजे जवळपास प्लगइनइतक्याच वेळात.

प्लगइनवर अन्याय होऊ नये म्हणून हेही नमूद करतो की मागावरच्या धोट्याला (आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या भागाला) त्याचा ब्लर उत्तम बसतो. धोटा सरळ जातो आणि त्याच्यावरची चकाकी त्याच्यासोबतच सरकते, म्हणून तिथे मी आजही तेच वापरतो. त्याचे वार्षिक शुल्क पुढच्या महिन्यात भरायचे आहे. तयार चित्रावर तसाच नंतर ब्लर चढवणारा ब्लेंडरचा व्हेक्टर ब्लर नोड फुकट आहे, आणि धोट्याची एक फ्रेम सध्या त्यावर लावून पाहतो आहे.