‘माया बे स्विमिंग’ लिहिलेलं व्हाउचर

व्हाउचर एकाच पानाचं होतं. वर हिरव्यागार पाण्याचा फोटो, मागे चुनखडीचे उंच कडे, मध्ये पांढरी स्पीडबोट. खाली पाच ओळी: फी फी आयलंड फुल डे टूर बाय स्पीडबोट. माया बे स्विमिंग. पिले लगून स्नॉर्केलिंग विथ इक्विपमेंट. बुफे लंच. नॅशनल पार्क फी इन्क्लुडेड. दादरच्या एका एजंटने हे मुलुंडच्या सहा जणांच्या कुटुंबाला विकलं होतं. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि सात व दहा वर्षांची दोन मुलं. थायलंडमधल्या फुकेतच्या एकूण पॅकेजमधले या एका दिवसाचे ३१,००० रुपये: मोठ्यांचे प्रत्येकी ५,५०० आणि मुलांचे प्रत्येकी ४,५००. तारीख पंधरा ऑगस्टच्या जोडून सुट्टीतली.

या पाच ओळींपैकी एकच खरी निघाली, जेवणाची. बाकीच्या चार ओळींत फसवणूक नेमकी कुठे होती ते सांगतो. असली व्हाउचरं मुंबईत दर सुट्टीला हातोहात खपतात, आणि वाचून कळण्यासारखं असूनही ती कोणी वाचत नाही.

आधी माया बे. हा किनारा फी फी ले नावाच्या बेटावर आहे. हॉलिवूडच्या एका सिनेमामुळे त्याची इतकी ख्याती झाली की रोज हजारो माणसं आणि शेकडो बोटी येऊ लागल्या. नांगरांनी आणि पंख्यांनी तिथलं प्रवाळ मोडलं, म्हणून थायलंड सरकारने जून २०१८ मध्ये किनारा बंद केला. तो उघडला जानेवारी २०२२ मध्ये, तोही अटींवर. बोटींना खाडीत शिरायला बंदी. बेटाच्या मागच्या बाजूला लोह सामाह इथे उतरायचं आणि लाकडी पायवाटेने चालत पुढच्या किनाऱ्यावर यायचं. सुरुवातीला एका वेळी ३७५ माणसांची मर्यादा घातली होती. आणि मुख्य म्हणजे पोहायला बंदी. पाण्यात गुडघ्यापर्यंत पाय बुडवता येतात, त्यापुढे गेलात की रखवालदार शिटी मारतो. माणसांचा राबता थांबल्यावर काळ्या टोकाच्या पंखांचे छोटे शार्क उथळ पाण्यात परत आले आहेत, त्यांच्यासाठीही ही बंदी आहे.

म्हणजे ‘माया बे स्विमिंग’ ही गोष्ट २०१८ नंतर अस्तित्वातच नाही. जो विकतो त्याला एक तर काही ठाऊक नाही, नाहीतर सगळं ठाऊक आहे. त्यात भर अशी की माया बे दरवर्षी १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर पूर्ण बंद असतो. स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत आणि गणपतीनंतरच्या शाळेच्या सुट्ट्यांत मुंबईचे एजंट फुकेतची पॅकेजं सगळ्यात जोरात विकतात, त्या काळातला बराच भाग यात जातो. मुलुंडच्या कुटुंबाला बंदीबद्दल कळलं ते धक्क्यावर. एजंटला फोन लावला तर म्हणाला, “काका, टेन्शन घेऊ नका, बाहेरून दाखवतात, व्ह्यू तोच असतो.” काकांनी पैसे व्ह्यूचे दिले नव्हते.

आता पहिली ओळ, स्पीडबोटीची. मोठा पैसा याच शब्दात खाल्ला जातो. फुकेतहून फी फीला जायचे दोन प्रकार आहेत. स्पीडबोटीत तीस-चाळीस माणसं बसतात, मागे दोन किंवा तीन आउटबोर्ड इंजिनं असतात, तासाभरात पोचते आणि उथळ पाण्यात शिरू शकते. दुसरी मोठी फेरीबोट, आपल्या गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या कॅटामरानची थोरली बहीण म्हणा. तिला दोन तास लागतात, ती फी फी डॉन या शेजारच्या मोठ्या बेटाच्या टोन्साई धक्क्यालाच लागते आणि फी फी लेला लांबून वळसा घालून ‘हे पाहा माया बे, हे पाहा वायकिंग केव्ह’ असं ध्वनिक्षेपकावर सांगते. तिचं तिकीट स्पीडबोटीच्या मानाने बरंच स्वस्त असतं. एजंट ग्राहकाकडून स्पीडबोटीचे पैसे घेतो, फुकेतमधल्या आपल्या हँडलरकडे फेरीची जागा मागतो आणि मधला फरक खिशात घालतो. बुकिंग मुद्दाम एक-दोन दिवस आधी होतं, म्हणजे बदलायला वेळच उरत नाही.

पकडला गेलाच तर उत्तर तयार असतं. इथे ते आजोबांच्या पाठीवर ढकललं गेलं: “सर, स्पीडबोटीत पाठदुखीवाल्यांना घेत नाहीत, म्हणून मी मोठी बोट दिली.” यातली अडचण ही की अर्धं खरं आहे. स्पीडबोट लाटांवर आपटत जाते. बहुतेक कंपन्या गरोदर बायकांना आणि मणक्याचा त्रास असलेल्यांना घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण मग तो प्रश्न बुकिंगच्या वेळी विचारायचा असतो आणि पैसेही फेरीचेच घ्यायचे असतात.

फेरी मिळाली की तिसरी ओळ आपोआप खोटी ठरते. पिले लगून हे फी फी लेच्या पूर्व बाजूला कड्यांनी वेढलेलं पाणी. तोंड अरुंद, आत उथळ, मोठी फेरी तिथे जाऊच शकत नाही. स्पीडबोट किंवा लाँगटेल, म्हणजे लांब दांड्याच्या इंजिनाची लाकडी होडी, एवढंच आत जातं. टोन्साईला उतरून लाँगटेल भाड्याने घेता येते, पण तिचे पैसे वेगळे, आणि परतीची फेरी दुपारी असल्याने हाती वेळ तुटपुंजा. पूर्वेला असल्यामुळे ऑगस्टच्या नैऋत्य वाऱ्यातही पिले बरंच शांत असतं. म्हणजे माया बे बंद असताना पाहण्यासारखी नेमकी हीच जागा होती. एक खरी गोष्ट एजंट कधी सांगत नाहीत: पिलेच्या आतला तळ बहुतांशी वाळूचा आहे. तिथे पोहण्याची मजा आहे, मासे-प्रवाळ बघायचं तर बोट बाहेर कड्यालगत किंवा बांबू आयलंडजवळ थांबायला हवी. ‘लगून स्नॉर्केलिंग’ असं एकत्र लिहिलेलं दिसलं की विचारा, स्नॉर्केलिंगचे थांबे किती, कुठे आणि प्रत्येकी किती मिनिटं. चांगला ऑपरेटर लगेच सांगतो. टाळाटाळ झाली तर तो थांबा वीस मिनिटांचा असतो आणि त्यातली दहा मिनिटं मास्क वाटण्यात जातात.

मास्कचं आता बोलूच. ‘इक्विपमेंट इन्क्लुडेड’ म्हणजे बहुतेक वेळा मास्क, नळी आणि लाइफ जॅकेट. पायातले फिन्स जवळजवळ नेहमी वेगळ्या भाड्याचे, वर अनामत रक्कम. एक फिन हरवली किंवा पट्टा तुटला की दंड, आणि पट्टा आधीच तुटलेला होता हे सिद्ध करायला तुमच्याकडे काही नसतं. म्हणून भाड्याची वस्तू हातात घेताच काउंटरवर, त्या माणसासमोर, मोबाइलवर फोटो काढा. मास्क बोटीवर देतात असं सांगितलं तरी धक्क्यावरच मागा, कारण चाळीस माणसांत धड मास्क तीसच निघाले तर उरलेल्या दहांत आपण असतो. मास्क बघायचा असा: पट्टा न लावता चेहऱ्यावर धरायचा, केस आतून बाजूला करायचे, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. चार-पाच सेकंद चिकटून राहिला तर ठीक. लगेच पडला तर त्यात पाणी शिरणारच, मग पट्टा कितीही आवळा. मिशीवाल्यांचा ओठावरून गळतो, तिथे थोडं व्हॅसलीन लावतात. नळीचं तोंडातलं रबर चावून फाटलेलं नाही ना, ते बघा. लहान मुलांना मोठ्यांचा मास्क कधीच बसत नाही. सात वर्षांच्या मुलासाठी मुंबईहूनच त्याच्या मापाचा घेऊन जाणं स्वस्त पडतं. लाइफ जॅकेटला शिटी आहे का, आणि मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा आहे का, तेही बघावं. तो नसला तर पाण्यात जॅकेट कानांपर्यंत वर येतं आणि पोर खाली राहतं.

राहिली फी. या बेटांचं नाव मराठी माणसाने लक्षात ठेवावं असंच आहे, दोनदा फी. राष्ट्रीय उद्यानाची फी परदेशी पाहुण्यांना मोठ्यांसाठी ४०० बाहत आणि मुलांसाठी २०० बाहत. सहा जणांचे २,००० बाहत होतात, पाच-सहा हजार रुपये. माया बे बंद असला तरी बांबू आयलंडवर उतरायचं असेल तर ही फी लागतेच, कारण उद्यान एकच. एजंटने ती ‘इन्क्लुडेड’ म्हणून घेतली, पण ऑपरेटरला भरली नाही. मोठ्या फेरीने टोन्साईला जाणाऱ्याला ही फी पडतही नाही, पडतात ते धक्क्याचे माणशी २० बाहत. म्हणजे एजंटने जागा फेरीची घेतली, तिला ही फी नाही, आणि ग्राहकाकडून मात्र ती वसूल केली. मुलुंडकरांनी धक्क्यावर भांडून, जादा पैसे भरून, मुलगा-सून आणि मुलांसाठी स्पीडबोटीच्या जागा घेतल्या, तेव्हा फी पुन्हा भरावी लागली. आजी-आजोबा फेरीने गेले.

त्या गडबडीत त्यांनी एक गोष्ट शहाणपणाची केली. काउंटरवरच्या मुलीकडे तिची यादी मागितली आणि तिचा फोटो काढला. यादीत त्यांच्या नावापुढे मोठ्या बोटीचं नाव, माणसं सहा, शेजारी ‘एनपी एक्स्क्लुड’, म्हणजे नॅशनल पार्क फी वगळून, आणि बुकिंग आदल्या दिवशी संध्याकाळचं. दादरचं व्हाउचर आणि ही यादी शेजारी ठेवली की वेगळा पुरावा लागत नाही. हे करायचं ते शर्टावर स्टिकर चिकटवून घेण्याआधी. एकदा रंगीत स्टिकर लावून बोटीत बसलात की तुम्ही ती सेवा स्वीकारली, असं म्हणायला एजंट मोकळा. तिथल्या ऑपरेटरशी भांडून काही मिळत नाही, कारण त्याला जेवढं विकलं गेलं तेवढं त्याने दिलं. टुरिस्ट पोलिसांचा ११५५ नंबर उपयोगी आहे, पण तिथल्या बोटवाल्याने लुबाडलं तर. चोरी दादरमध्ये झालेली असताना फुकेतचा पोलीस काय करणार?

म्हणून पैसे देण्याआधी एजंटच्या लेटरहेडवरचं व्हाउचर नको, फुकेतच्या ऑपरेटरचं कन्फर्मेशन मागा. त्यात ऑपरेटरचं नाव आणि थाई पर्यटन परवान्याचा क्रमांक, बोटीचा प्रकार, कोणता धक्का, हॉटेलमधून उचलायची वेळ आणि पार्क फी आत की बाहेर, एवढं हवं. मग त्या ऑपरेटरला थेट ईमेल करून बुकिंग क्रमांक विचारायचा. एजंट म्हणेल, कन्फर्मेशन दोन दिवस आधी येतं. मग उरलेले पैसेही दोन दिवस आधी देऊ, असं सांगा. यूपीआय वैयक्तिक खात्यावर मागितलं आणि जीएसटीचं बिल द्यायला कुरकुर झाली, तर तिथूनच उठावं.

हवामानाचं कलमही वाचा. मे ते ऑक्टोबर तिथे पावसाळा, समुद्र खवळला की बंदर खातं बोटी सोडत नाही. बोट बंदराने थांबवली तर बहुतेक ऑपरेटर पैसे परत करतात किंवा दुसरी तारीख देतात. मुंबईत मात्र ‘तिकडे पैसे बुडाले’ एवढंच कळतं. परताव्याबद्दल ऑपरेटरकडून लेखी घ्या, धक्क्यावरच.

सनस्क्रीनचीही एक छोटी गोष्ट. थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ४-मिथाइलबेन्झिलिडीन कॅम्फर आणि ब्युटाइलपॅराबेन असलेलं क्रीम चालत नाही, दंड १ लाख बाहतपर्यंत. घरची ट्यूब उलटी करून वाचा, नाहीतर धक्क्यावरची महाग ट्यूब गळ्यात पडते.

परत आल्यावर मुलाने दोन्ही कागद जोडून एजंटला ईमेल केला, व्हॉट्सअ‍ॅप नाही. रक्कम ओळीनिहाय मांडली: बोटीतला फरक, दुसऱ्यांदा भरलेली फी, धक्क्यावर घेतलेल्या जागा. उत्तर आलं, “पुढच्या टूरमध्ये अ‍ॅडजस्ट करून देतो.” असलं अ‍ॅडजस्टमेंट घेऊ नये, ते घेतलं की तक्रार मिटली असं लेखी होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या कायद्यानुसार ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, एजंट कुठलाही असो. मुदत दोन वर्षं, व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क नाही, आणि अर्ज ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या होतो.

शोधताना आणखी एक कागद हाती लागला. कोटेशनमध्ये परदेशी पॅकेजवरचा टीसीएस, म्हणजे एजंटने ग्राहकाकडून घेऊन सरकारकडे भरायचा आगाऊ कर, म्हणून १८,००० रुपये वेगळे लावले होते, पण पॅन कोणी मागितलाच नव्हता. टीसीएस खरोखर भरला असेल तर तो आयकर पोर्टलवरच्या तुमच्या २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावे जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, दिसतो आणि विवरणपत्र भरताना वळता करून मिळतो. जुलै-सप्टेंबर तिमाहीचं एजंटचं विवरण १५ ऑक्टोबरपर्यंत जायचं असतं. नोव्हेंबरात बघितलं तर तिथे काहीच नव्हतं.

नोटीस गेल्यावर बोटीचे आणि फीचे पैसे दोन हप्त्यांत परत आले. टीसीएसचं विचारल्यावर एजंट म्हणाला, “ते सीए बघतो.” २६एएसचं ते पान अजून कोरंच आहे.