हप्ता संपला, आता भिशी की पोस्टाची आरडी?

गाडीचं लोन मार्चमध्ये फिटलं आणि महिन्याचे ५,००० मोकळे झाले. ते पैसे पगार झाल्या झाल्या कुठेतरी अडकवले नाहीत तर किराणा, बाहेरचं खाणं, ऑनलाइन शॉपिंगमध्ये कधी जिरतात कळत पण नाही, म्हणून घरात दोन पर्याय निघाले, बायको म्हणाली भिशी (सगळ्यांनी दर महिन्याला सारखे पैसे काढायचे आणि ज्याचा नंबर लागेल त्याने ते सगळे उचलायचे), मी म्हणालो आरडी (रिकरिंग डिपॉझिट, दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायचं खातं).

भिशीचं जमेचं म्हणजे नंबर लवकर लागला तर रक्कम एकदम हातात येते, शाळेची फी नाहीतर फ्रिज सुटतो, आणि बायकांच्या ग्रुपमध्ये हप्ता चुकवायची लाजच वाटते, ही शिस्त खरंच कामाची आहे. पण साध्या भिशीत व्याज शून्य, जेवढे भरले तेवढेच परत. आणि कोणी नंबर उचलून पुढचे हप्ते बंद केले तर? कागद नाही, काही नाही. आमच्या ओळखीत हे झालंय, नाती तुटली त्यात.

पोस्टाची आरडी ५ वर्षांची, ६० हप्ते, सरकारची हमी. ६.७ टक्क्यांनी ३ लाख भरून साधारण ३ लाख ५६ हजार मिळतात. व्याजावर टॅक्स लागतो आणि ३ वर्षांआधी खातं मोडता येत नाही, पण १२ हप्ते झाले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं.

आम्ही ४,००० आरडीला लावले, १,००० ची भिशी बायकोच्या ऑफिसातली, दहाच जणी आहेत आणि सगळ्या घरच्यासारख्या.