बेंच प्रेस की पुशअप? खांद्याच्या बाजूने बघा

छाती बनवायची तर बेंच प्रेस (बाकावर आडवं पडून रॉड वर ढकलणं), पुशअप म्हणजे नुसता वॉर्मअप, असंच बहुतेक जण धरून चालतात. मीही बरीच वर्षं तेच केलं, मग खांदा पुढून दुखायला लागला तेव्हा कुठे नीट वाचलं.

मसल दोन्हीत तोच, पेक मेजर, म्हणजे छातीचा मोठा मसल. कॉलरबोन, छातीचं मधलं हाड आणि बरगड्यांपासून निघून तो दंडाच्या हाडाला वरच्या बाजूला पुढून चिकटतो, म्हणजे तो छातीवर दिसत असला तरी हलवतो खांदा. हात समोरून आत आणणं, आतल्या बाजूला फिरवणं ही त्याची मुख्य कामं, आणि कॉलरबोनकडचा भाग हात पुढे वर उचलायलाही मदत करतो.

खरा फरक आहे फऱ्याच्या हाडाचा, म्हणजे खांद्यामागे पाठीवर असतं त्या चपट्या हाडाचा. बेंचवर आपण दोन्ही फरे मागे ओढून गादीवर दाबून ठेवतो, त्यामुळे बेस घट्ट मिळतो आणि जास्त वजन ढकलता येतं, पण फरा जवळजवळ जागच्या जागी राहतो. पुशअपमध्ये हात जमिनीवर पक्के आणि फरे मोकळे, खाली जाताना एकमेकांजवळ येतात, वर येताना बरगड्यांवरून पुढे सरकतात, आणि हे सरकवणारा मसल म्हणजे सेरेटस अँटिरियर, काखेखाली बरगड्यांवर बोटांसारखा दिसतो तो. हात डोक्यावर नेताना फरा वर फिरवायला हाच लागतो (पूर्ण 180 अंशातले साधारण 60 फऱ्याकडूनच येतात), म्हणून पुशअपचा हा फायदा मला छातीच्या साइजपेक्षा मोठा वाटतो.

छातीतला आणखी एक मसल लोक विसरतात, पेक मायनर. तिसऱ्या ते पाचव्या बरगडीपासून फऱ्याच्या पुढे आलेल्या टोकाला जातो, आणि आखडला की फरा पुढे झुकवतो, दिवसभर वाकून बसणाऱ्यांचे खांदे पुढे आलेले असतात त्यात याचाही हात असतो. तुमचं तसं असेल तर आधी दोनेक महिने पुशअप, सोबत पाठीचं रोइंग (वजन स्वतःकडे ओढायचा व्यायाम), बेंच नंतर.

ताकद आणि साइज हाच गोल असेल तर मात्र बेंच पुढे आहे, यात वाद नाही. रॉडला दर वेळी थोडं थोडं वजन वाढवता येतं, पुशअपमध्ये हातांवर शरीराच्या साधारण दोन तृतीयांश वजन येतं, म्हणजे 70 किलोच्या माणसाला 45 ते 50 किलो, त्यापुढे पाय उंचावर ठेवा नाहीतर पाठीवर प्लेट घ्या, पण ते कटकटीचं होतं. रिस्कही बेंचचीच जास्त, पेकचा टेंडन (मसल हाडाला जोडणारा दोरीसारखा भाग) फाटण्याच्या केसेस बऱ्याचदा जड बेंच मारतानाच होतात, तेही रॉड खाली आणताना, कारण तेव्हा मसल पूर्ण ताणलेला असतो आणि वजनही त्यालाच अडवायचं असतं. म्हणून रॉड छातीवर आपटू नका, आणि कोपर खांद्याच्या रेषेत 90 अंशांवर फाकवू नका, शरीरापासून 45 ते 60 बरं. पुशअपलाही हेच लागू.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीतला चेंडू, तो मध्यभागी धरून ठेवतात रोटेटर कफचे चार छोटे मसल, आणि पेकसारखा मोठा मसल त्या चेंडूला पुढे खेचत असतो. त्यामुळे काहीही निवडा, रोइंग सोडू नका.

माझं मत विचाराल तर नवीन असाल, खांदा कुरकुरत असेल किंवा 15 स्वच्छ पुशअप निघत नसतील तर पुशअप, आणि शेवटी हात सरळ झाल्यावर जमीन अजून थोडी दूर ढकला, सेरेटसला तेच हवं असतं. ते जमलं की बेंच सुरू करा, पुशअप शेवटच्या सेटला ठेवा. त्याआधी भिंतीवर पुशअप मारताना कोणाला तरी तुमची उघडी पाठ बघायला सांगा, एका बाजूचा फरा पंखासारखा बाहेर येत असेल तर बेंच थांबवा आणि डॉक्टर किंवा फिजिओला दाखवा, सेरेटसची नर्व्ह दुखावली असेल तरी असं होतं.