मॅटलॉग: ॲप का बंद पडतं ते फोनलाच विचारा

ॲप उघडताक्षणी बंद पडायला लागलं की बरेच जण फोन सरळ फॉरमॅट मारतात. सोलापूरच्या नवी पेठेत रिपेअरिंगच्या काउंटरवर फोन ठेवण्याआधी अर्धा तास काढा आणि मॅटलॉग या ॲपमध्ये अँड्रॉइडचा लॉग, म्हणजे फोनमध्ये काय काय घडलं त्याची नोंद, बघा. ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत.

खरी मेहनत परवानगीची. अँड्रॉइड ४.१ पासून साध्या ॲपला बाकीच्यांचे लॉग वाचता येत नाहीत. सेटिंग्जमधल्या बिल्ड नंबरवर ७ वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडा, यूएसबी डिबगिंग चालू करा आणि कॉम्प्युटरवरून एडीबीच्या (केबलवरून फोनला कमांड देणारं साधन) पीएम ग्रँट कमांडने मॅटलॉगला ‘रीड लॉग्स’ म्हणजे लॉग वाचायची परवानगी द्या. कॉम्प्युटरला फोन दिसतच नसेल तर आधी केबल बदला; नुसत्या चार्जिंगच्या केबलमधून डेटा जात नाही. शाओमीवर ‘सिक्युरिटी एक्सेप्शन’ अशी एरर आली तर ‘यूएसबी डिबगिंग (सिक्युरिटी सेटिंग्ज)’ हे वेगळं बटणही चालू करावं लागतं. मॅटलॉग काढून पुन्हा टाकलं की परवानगी नव्याने द्यायची.

लॉगमध्ये एररच्या लाल ओळी शेकड्याने दिसतील, घाबरू नका. बहुतेक निरुपद्रवी असतात. सर्चमध्ये ‘फेटल एक्सेप्शन’ (ॲप बंद पाडणारी एरर) इंग्रजीत टाका. त्याखाली ‘प्रोसेस’पुढे बंद पडलेल्या ॲपचं पॅकेज नाव, म्हणजे फोनच्या आतलं त्याचं नाव, असतं. आणखी खाली ‘कॉज्ड बाय’च्या ओळी येतात. त्यातली सगळ्यात शेवटची वाचा, मूळ दुखणं बहुधा तिथेच सापडतं. हा शोध मॅटलॉगमध्ये फार सोपा आहे, रंगांमुळे डोळ्यांना त्रासही होत नाही.

डेव्हलपर ऑप्शन्समधली लॉगर बफर साइझ, म्हणजे लॉग साठवायची जागा, बऱ्याच फोनवर २५६ के असते. ती ४ एम करा, नाहीतर हवी ती ओळ बघेपर्यंत पुसली जाते. हा बफर रॅममध्ये असतो. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात फोन तापून रीस्टार्ट झाला की आधीचं सगळं गेलं. त्यामुळे बिघाड व्हायच्या आधीच रेकॉर्डिंग चालू ठेवा, लॉग फाइलमध्ये उतरत राहतो.

अँड्रॉइड १३ पासून लॉग वाचायची संमती पुन्हा पुन्हा विचारली जाते. नकार दिलात तर मॅटलॉगला फक्त स्वतःच्याच ओळी दिसतात. कॉम्प्युटर नसेल आणि फोन अँड्रॉइड ११ किंवा पुढचा असेल, तर वायरलेस डिबगिंगवर (केबलऐवजी वायफायवरून) शिझुकू हे परवानगी मिळवून देणारं ॲप चालू करून लॉगफॉक्स हे दुसरं लॉग बघायचं ॲप वापरा, तेच बरं पडेल.

आणि ती फाइल कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवण्याआधी तिच्यात आपला ईमेल आणि फोन नंबर शोधून खोडा. काही ॲप्स ते सर्रास लॉगमध्ये लिहितात.