‘डेकालॉग’चा क्रायटेरियन ब्लू-रे संच : घेण्याआधी प्लेअर तपासून घ्या

क्शिश्तोफ कीश्लोव्स्की या पोलिश दिग्दर्शकाचा टेलिव्हिजन ते सिनेमा हा प्रवास समजून घ्यायचा असेल, तर क्रायटेरियन या निवडक चित्रपटांच्या डिस्क काढणाऱ्या अमेरिकन कंपनीने २०१६मध्ये काढलेल्या, ‘डेकालॉग’ या त्याच्या दहा भागांच्या टीव्ही मालिकेच्या या संचाइतकं चांगलं साधन नाही. पोलंडमधल्या वूच शहरातल्या फिल्म स्कूलमधून बाहेर पडल्यावर तो अनेक वर्षं माहितीपट करत होता. १९८०च्या ‘रेल्वे स्टेशन’ या माहितीपटाच्या वेळी पोलिसांनी खुनाच्या तपासासाठी त्याचं चित्रण ताब्यात घेतलं आणि खऱ्या माणसांवर कॅमेरा रोखणं त्याला खटकू लागलं. पुढे वकील असलेल्या क्शिश्तोफ पिएशेविचबरोबर त्याने टेलिव्हिजनसाठी हे दहा भाग लिहिले. प्रत्येक भाग साधारण तासाभराचा, कथानक स्वतंत्र, माणसं मात्र वॉर्साच्या एकाच गृहसंकुलातली.

संचाची खरी किंमत वसूल होते ती पाचव्या आणि सहाव्या भागापाशी. या दोन्हींच्या चित्रपटगृहांसाठी केलेल्या लांब आवृत्त्याही डिस्कवर आहेत, प्रत्येकी सुमारे ८५ मिनिटांच्या. पाचव्याच्या लांब आवृत्तीला १९८८मध्ये कान चित्रपट महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालं. सहाव्याचा तर शेवटच वेगळा आहे, आणि तो बदल अभिनेत्री ग्राझिना शापोवोव्स्काच्या सूचनेवरून झाला. आधी टीव्हीचा भाग पाहा, मग चार-सहा दिवसांनी चित्रपट. लागोपाठ पाहिलं की दुसऱ्या वेळी लक्ष फक्त वाढवलेल्या दृश्यांवर राहतं, आणि संकलनात कुठे श्वास घेतलाय ते निसटतं.

चित्र ४के रिस्टोरेशनमधलं (मूळ फिल्म साफ करून बारीक तपशिलात डिजिटल केलेलं) आहे, ग्रेन म्हणजे फिल्मचा मूळ दाणेदारपणा शाबूत ठेवलाय. दहा भागांना नऊ छायालेखक होते (तिसरा आणि नववा पिओत्र सोबोचिन्स्कीचा), त्यामुळे भागागणिक प्रकाशाचा पोत बदलतो, आणि तो बदल इथे स्वच्छ कळतो. पाचवा भाग लावल्यावर डिस्क खराब निघाली असं वाटण्याची शक्यता आहे. चित्र हिरवट-पिवळं, कडा काळ्या, अर्धा चेहरा अंधारात. तो दोष नाही. या भागाचा छायालेखक स्वावोमिर इजाकने लेन्ससमोर फिल्टर लावून मुद्दाम तसं चित्रण केलंय. टीव्हीचं डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधार आपोआप कमीजास्त करणारं सेटिंग) चालू असेल तर मात्र ते सावलीचे भाग एकतर बुजतात, नाहीतर राखाडी होतात, म्हणून ते बंद करा. हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारं मोशन स्मूदिंगही बंद. टीव्हीचे भाग ४:३ चौकटीत आहेत, दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणारच. झूम किंवा स्ट्रेच केलंत तर डोकी कापली जातात किंवा माणसं जाड दिसतात.

आवाज मोनो आणि अनकंप्रेस्ड. रिसीव्हरवर सराउंडचा कोणताही मोड लावू नका, ज़्बिग्नेव प्रायस्नरचं संगीत त्यात पसरट होतं. संवाद पोलिश, सबटायटल इंग्रजी.

सगळ्यात मोठी अडचण रीजनची, म्हणजे डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल या बंधनाची. डिस्क रीजन ए आहेत, भारत ब्लू-रेच्या रीजन सी-मध्ये येतो. आपल्याकडे घेतलेल्या साध्या प्लेअरवर त्या चालणार नाहीत. मल्टी-रीजन प्लेअर लागेल, पण तो केवळ डीव्हीडीपुरता मल्टी-रीजन नाही ना, हे विकत घेण्याआधी विचारा. बऱ्याच जणांची फसगत इथेच होते, कारण खोक्यावर दोन्हींचा वेगळा उल्लेख असतोच असं नाही.

पूरक साहित्यात दिग्दर्शकाच्या जुन्या मुलाखती, कलाकार आणि छायालेखकांशी संवाद, शिवाय छापील पुस्तिका आहे. पुस्तिकेतली त्या-त्या भागावरची टिपणं भाग पाहून झाल्यावरच वाचा, त्यात कथानक उघड होतं. आठ भागांत आर्तूर बार्चिश हा अभिनेता एका शब्दाविना येऊन जातो, तेही आधी न वाचता स्वतः हेरण्यात मजा आहे.

उणीव एकच, पण मोठी. त्याचे माहितीपट या संचात नाहीत. ‘रेल्वे स्टेशन’, ‘फॅक्टरी’ आणि ‘हॉस्पिटल’ क्रायटेरियनच्याच ‘द डबल लाइफ ऑफ व्हेरोनिक’च्या आवृत्तीत मिळतात. शक्य असेल तर दोन्ही घ्या आणि सुरुवात माहितीपटांपासून करा.