राजारामपुरीतलं मॅटर्निटी होम (नाव मुद्दाम टाकत नाही), ५ पैकी साडेतीन

आधीच सांगते, हॉस्पिटलचं नाव, गल्ली नंबर, मॅडमचं नाव काहीच लिहिणार नाही. कोल्हापूर एवढंसं, शाहूपुरीत शिंकलं की मंगळवार पेठेतनं फोन येतो कोण आजारी म्हणून. पण गर्भपातासारख्या कामाला जायचं झालं तर काय विचारायचं, काय ऐकून घ्यायचं नाही हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यात आमचे दहा दिवस गेले, म्हणून लिहितेय.

पेशंट माझी धाकटी जाऊ. दोन मुली, थोरली दुसरीत, धाकटी अंगणवाडीत. दीर मिलिटरीत, सध्या लेहकडं, दिवाळीला येऊन गेला. तांबी बसवलेली होती त्यामुळं पाळी चुकली तरी हिनं लक्षच दिलं नाही, तांबी असताना कोण शंका घेतंय ओ. कळलं तेव्हा अकरावा आठवडा. तिला तिसरं नको होतं. मुलगा असो मुलगी असो, नको. हे मुद्दाम लिहितेय कारण पुढं प्रत्येकानं तेवढंच विचारलं.

पहिलं जिथं गेलो तो वेगळा दवाखाना, हा रिव्ह्यू त्यांचा नाही पण राग आहे म्हणून चार ओळी. काउंटरवरची म्हणाली मिस्टरांची सही लागते. मिस्टर लेहला. मग म्हणे सासऱ्यांची चालेल. सासऱ्यांची! गर्भपाताचा १९७१ चा कायदा आहे हो, त्यात पहिल्यापासून बाईची स्वतःची संमती पुरते, १८ च्या आतली मुलगी असेल किंवा मानसिक आजार असेल तरच पालकाची लागते. आम्हाला तेव्हा काय माहीत, आम्ही गप कागदाचा फोटो व्हॉट्सॅपवर पाठवला, तिकडं पाच दिवस रेंज नाही, सही आली तोवर बारा आठवडे उलटून गेले आणि मग तीच बाई म्हणते आमच्याकडं बाराच्या आतलीच परवानगी आहे, दुसरीकडं बघा. नऊच्या आत कळलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं, तो उशीर आमचा. पण पुढचा आठवडा निव्वळ त्या सहीनं खाल्ला.

तर आता ज्यांचा रिव्ह्यू आहे त्यांच्याबद्दल. जागा स्वच्छ. सरकारी मान्यतेचं सर्टिफिकेट समोरच फ्रेम करून लावलंय, तुम्ही कुठंही गेलात तरी पहिलं ते शोधा. शेजारी तो नेहमीचा बोर्ड, इथं गर्भलिंग निदान होत नाही, कायद्यानं गुन्हा आहे. त्याच्या खाली माशांची काचेची पेटी, त्यात एकच मासा.

मॅडमनी पहिल्यांदा मला बाहेर काढलं. तिच्याशी एकटीशी बोलल्या, हे मला लई आवडलं. नंतर जावेनं सांगितलं काय विचारलं ते: आधी कुठं सोनोग्राफी केली का, कर्नाटकात कुठं गेला होता का, घरातनं कोण काय बोलतंय का. दोन मुली आणि बारा आठवड्यांच्या वर, म्हणजे मुलगी आहे म्हणून पाडतायत असा संशय आलाच. मला आधी संताप आला. पण खरं सांगू, संशय हवेतनं येत नाही. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या. त्यानंतर लक्ष्मीकांत देशमुख कलेक्टर असताना सोनोग्राफी मशिनला सायलेंट ऑब्झर्व्हर (प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं यंत्र) बसवायला लागले ते याच जिल्ह्यात. आणि सांगली जिल्ह्यातलं म्हैसाळ काय लांब नाही, २०१७ ला ओढ्याकाठी १९ भ्रूण सापडले होते. असल्या भागात डॉक्टर दोनदा विचारणारच. फक्त ज्यांनी पाप केलं ते मोकळे फिरतात आणि उत्तरं द्यायला आमची धाकटी बसते, एवढंच.

तिनं काय उत्तर दिलं तर, "मॅडम, पोरगा असला तरी नको. मी दमलोय." (बाहेरच्यांसाठी: आमच्यात बायका पण दमलोय, आलोय असंच म्हणतात.) मॅडमनी पुढं विचारलं नाही. फॉर्म तिला वाचून दाखवला, सही तिचीच घेतली, बाकी कुणाची मागितली नाही. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये दोघांचं आणि ते पण ठरावीक बायकांनाच, हे त्यांनीच सांगितलं. २०२१ पासून हा नियम आहे म्हणे. मत डॉक्टरचं हे ध्यानात ठेवा, आपल्याकडं बाईनं मागितलं की मिळालं असं नाही. मूळ फौजदारी कायद्यात गर्भपात हा अजून गुन्हाच आहे, आता न्याय संहितेत कलम ८८, आणि त्यात बाई स्वतः पण धरलेली आहे, ७१ चा कायदा म्हणजे त्यातनं काढलेली पळवाट.

सोनोग्राफीला मी आत होते. स्क्रीन फिरवून ठेवलेली, आवाज बंद. तर हिनंच विचारलं, "ठोके हाईत काय?" मॅडम म्हणाल्या, आहेत. हिनं मान हलवली आणि छताकडं बघत राहिली. मी तिचा हात धरला होता, तो गार पडलेला. त्यामुळं यात काय विशेष, दात काढल्यासारखं असतं, असं जे लोक बोलतात त्यांच्याशी माझं जमत नाही. काहीतरी होतं तिथं. पण ते वाढवायचं का नाही हे ठरवायला तिच्यापेक्षा जवळचं कोण होतं हे पण मला कुणी सांगावं.

बाहेर वेटिंगमध्ये एक काका भेटले, सुनेला घेऊन आलेले, मोबाईल मोठ्यानं लावून बसलेले. त्यांचं म्हणणं अमेरिकेनं बंद केलं तसं इथं पण पूर्ण बंद करा, मुली आपोआप वाचतील. मी एरवी गप बसते पण त्या दिवशी बसले नाही. म्हटलं काका, अमेरिकेत १९७३ पासूनचा हक्क कोर्टानं २०२२ ला काढला आणि राज्यांवर सोडला, सगळीकडं बंद नाही झालेलं. आणि पूर्ण बंदचं काय होतं ते बेळगावला जाऊन विचारा. तिथली सविता हलप्पनवार, दातांची डॉक्टर, ३१ वर्षांची, आयर्लंडला गॉलवेमध्ये, १७ आठवडे झालेले. बाळ वाचणार नाही हे डॉक्टरांना ठाऊक, पण ठोके चालू आहेत म्हणून हात लावेनात, रक्तात जंतू पसरले आणि २०१२ ला गेली. मग २०१८ ला आयर्लंडच्या लोकांनी मतदान करून गर्भपातबंदीचं कलम काढलं, ६६ टक्के मतं पडली. काका म्हणाले ते परदेशातलं झालं. बेळगाव परदेश कधी झालं ते कळलं नाही. मुलगी आहे का बघणं बंद करायला १९९४ चा वेगळा कायदा आहेच की, तो नीट चालवायचा सोडून सगळ्याच बायकांचं दार लावायचं हा कुठला न्याय.

पण काकांचं सगळंच चूक होतं असं पण नाही. त्यांनी विचारलं, मग शेवटच्या महिन्यात पण पाडायचं का? तिथं मी अडखळले. २०२३ ला सुप्रीम कोर्टात अशीच दोन पोरांची आई गेली होती, २६ आठवड्यांच्या वर, बाळंतपणानंतरच्या नैराश्याची ट्रीटमेंट चाललेली, कोर्टानं नाही म्हटलं. त्या बाईचं वाईट वाटतं आणि कोर्टाचं पण निम्मं पटतं. मला यात सरळ रेघ ओढता येत नाही. तेवढ्यात काकांच्या सुनेचा नंबर लागला.

आता तक्रारी. रिसेप्शनवरच्या मुलीनं भरल्या हॉलमध्ये "एमटीपीवाल्या पेशंट कोण?" (एमटीपी म्हणजे गर्भपात) असं ओरडून विचारलं. अहो नाव गुप्त ठेवायचं असतं, फोडलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा आहे कायद्यात, आणि इथं लाऊडस्पीकर. एक स्टार तिथंच गेला. मी मॅडमना सांगितलं, त्यांनी तिला माझ्यासमोर झापलं, ते पण हॉलमध्येच. सांगितले १४ हजार, झाले १६, वरचं औषधांचं म्हणे. बाथरूमची कडी लागत नाही. पार्किंग शून्य. अर्धा स्टार या सगळ्याचा.

बाकी सकाळी उपाशीपोटी बोलवलं, अर्ध्या तासात झालं, चारला सोडलं. मावशी फार चांगल्या, गरम पाण्याची पिशवी न मागता आणून दिली. तांबी काढली. पुढं काय म्हणून विचारल्यावर मॅडम म्हणाल्या मिस्टरांची नसबंदी सगळ्यात सोपी, त्याचं नाव काढल्यावर जाऊ दिवसभरात पहिल्यांदा हसली.

घरी गाठ काढली म्हणून सांगितलं होतं. सासूबाईंनी काहीच विचारलं नाही. रात्री पांढरा रस्सा केला आणि नळी, जी आमच्यात कायम सासऱ्यांच्या ताटात जाते, ती धाकटीच्या वाटीत घातली. सासरे बघतच राहिले, बोलले काही नाहीत.

पंधरा दिवसांनी दाखवायला बोलवलंय, त्याचे वेगळे पैसे नाहीत.